बार उडण्याआधीचा श्वास

"तू पिस्तूल धरणार आणि तो पळणार? पुन्हा एकदा? माझ्या डोळ्यांदेखत?"

बाबांनी कप असा आपटला की चहा उसळून थेट वर्तमानपत्रावर सांडला. पहिल्या पानावर आठ धावपटूंचे फोटो होते आणि चहाचा ओघळ नेमका आठव्या फोटोकडे निघाला. ताईने झटकन फडकं उचललं आणि टेबल, बशी, बाबांचा सदरा सगळं सोडून आधी तो फोटो टिपला. अगदी हलक्या हाताने… तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसा!

आठवा फोटो तिच्या धाकट्या भावाचा होता. घरात त्याला टोळ्या म्हणत. तंगड्याच इतक्या लांब की लहानपणी तो जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असायचा, म्हणून टोळ्या. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा यंदा त्यांच्याच शहरात भरली होती आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत हा टोळ्या काल आठवा, म्हणजे अगदी शेवटचा, कसाबसा घुसला होता. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं! स्पर्धा भरवणाऱ्यांच्याही नव्हतं. नाहीतर त्याच शर्यतीचा बार उडवायचं काम त्यांनी दोन महिने आधी त्याच्या सख्ख्या बहिणीला कशाला दिलं असतं?

ताई आठवडाभर सुतार आणि सुट्टीच्या दिवशी स्टार्टर. शाळेच्या लिंबूचमच्यापासून तिने सुरुवात केली होती. पंधरा वर्षं उन्हातान्हात, लाल कोट घालून, हात वर करून ती उभी राहिली, तेव्हा कुठे हा दिवस उगवला होता. शंभर मीटरची अंतिम शर्यत सुरू करायची, तीही अशा स्पर्धेत! स्टार्टरच्या आयुष्यात याच्या वर काही नसतं. कालच रात्री तिने लाल कोटाला इस्त्री करून तो खुर्चीच्या पाठीवर अडकवला होता आणि जातायेता त्याची बाही कुरवाळत होती.

"मी काय त्याला मारायला पिस्तूल धरते का, बाबा?" ती हसत म्हणाली.

"चार वर्षांपूर्वी मारलंसच की!"

हसू जागच्या जागी विरलं. बाबांनाही बोलल्यावर चुटपुट लागली असावी, कारण ते उगाच बशी उलटीसुलटी करून बघायला लागले. पण शब्द काय, सुटला तो सुटला…

चार वर्षांपूर्वीची ती निवड चाचणी! आई लवकर गेली, त्यामुळे टोळ्याला ताईनेच वाढवला, आणि पळायला शिकवला तोही तिनेच. घराखालच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या दोन फळ्या बिजागरीने जोडून तिने एक खटका केला होता. "सेट!" म्हणायचं, फळ्या खाड्कन आपटायच्या आणि टोळ्याने सुटायचं. घरासमोरच्या रस्त्यावर हजारो वेळा हा खेळ झाला होता. शेजारपाजारचे कावले होते, पण पोरगा वाऱ्यासारखा सुटायला लागला. त्या चाचणीत मात्र ताई पहिल्यांदाच त्याच्या शर्यतीची स्टार्टर होती, आणि मैदानावर पहिल्यांदाच प्रत्येक धावपटूच्या पाठीमागे एकेक स्पीकर ठेवला होता, म्हणजे स्टार्टर माईकवर बोलली की सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जावं. ताई म्हणाली, "सेट!" आणि बार उडायच्या आत… टोळ्या सुटला! एकटाच!

नियम एवढासा आहे. बाराआधी सुटला तो बाद. ताईने भावापुढे लाल कार्ड धरलं. तेवढ्यावर थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण तिचा संताप अनावर झाला. आपल्या हाताखाली शिकलेला पोरगा, आपल्याच समोर लबाडी करतो? तिच्या तोंडून निघून गेलं, "चोरटा कुठला! माझ्याकडे शिकून चोरी करतोस?" आणि माईक चालू होता! आठ स्पीकरमधून, गॅलरीतल्या भोंग्यांतून, साऱ्या मैदानाला ऐकू गेलं, चोरटा… चोरटा… चोरटा…

टोळ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो चालत तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "तुला स्वतःला पळता आलं नाही ना, म्हणून मला पळू देत नाहीस तू!"

ते बोलणं ताईच्या काळजात रुतलं ते रुतलंच. कारण ती पळायची! एकोणीस वर्षांची असताना तिचीही निवड झाली होती, आणि त्याच आठवड्यात करवतीच्या यंत्रात बाबांची दोन बोटं गेली. घरात लहान भाऊ, कारखान्यात अर्ध्या झालेल्या चौकटी… ताईने पळायचे बूट कपाटावर टाकले आणि हातात रंधा घेतला. जगाला सांगितलं, "पळून पळून कंटाळा आला बाई!" टोळ्या मोठा झाल्यावर त्याला खरं काय ते कळलं होतं, आणि कळूनही तो असं बोलला. त्याच संध्याकाळी त्याने बॅग भरली. चार वर्षं झाली. त्याने लग्न केलं, ते तिला दुसऱ्यांकडून समजलं. तिने आपल्या हाताने एक जेवणाचं टेबल घडवून पाठवलं. टेबल पोचलं. उत्तर मात्र आलं नाही!

"आत येऊ का?"

दारात टोळ्याची बायको उभी होती. नर्स होती ती. ड्युटीवर जाता जाता आली होती, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर, खांद्याला पिशवी. बाबांचा चेहरा असा काही खुलला की बघत राहावं! "ये, ये! नवरा येत नाही तर नाही, निदान तू तरी ये. बस. चहा सांडलाय, पण किटलीत अजून आहे."

"नको बाबा, बस चुकेल." ती ताईकडे वळली. पिशवीचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत तिने विचारलं, "ताई, आज पिस्तुलावर तुम्हीच आहात ना?"

"कागदावर तरी माझंच नाव आहे."

"नक्की? म्हणजे… ऐन वेळी काही बदल नाही ना होणार?"

ताईच्या मनात आलं, घाबरलेत हे दोघं मला! माझ्या आवाजाला, माझ्या हाताला घाबरलेत! "झोपला का तो?" तिने कसंबसं विचारलं.

"झोपले. पण झोपेतसुद्धा तेच. ताईचा आवाज, ताईचा आवाज…" नर्स काहीतरी बोलणार होती, पण तिने ओठ चावला. "मला शपथ घातलीय, मी काही सांगणार नाही. पण एवढंच सांगते, ते बाराआधी कधी म्हणजे कधी सुटत नाहीत. चार वर्षांत एकदासुद्धा नाही. तुमच्या वेळी तेवढं…" ती थांबली, डोळे पुसले आणि जाता जाता दारातून म्हणाली, "आणि तुमच्या टेबलावर गरम भांडं ठेवलं तर घर डोक्यावर घेतात हो! मला परातीतसुद्धा काही ठेवू देत नाहीत त्याच्यावर." आणि बस पकडायला पळाली.

भांड्याचं ऐकून हसावं की रडावं ताईला कळेना. मग ती जिना उतरून कारखान्यात गेली, अर्धवट राहिलेली एक चौकट समोर ओढली आणि दणादण खिळे ठोकायला लागली. डोक्यात एकच प्रश्न. चार वर्षांत एकदाही नाही, मग माझ्याच वेळी का? माझ्याच वेळी का चोरी केलीस रे, टोळ्या?

"आज बाईसाहेब भलत्याच रागात दिसतात," बाबा जिन्यात बसून म्हणाले.

"पाठमोरी आहे मी. तुम्हाला कुठून राग दिसला?"

"दिसला नाही, ऐकू आला. तुझा सूं मोठा झालाय."

"कसला सूं?"

"घ्या! इतकी वर्षं करतेस आणि विचारतेस कसला! घाव घालायच्या आधी नाकाने श्वास ओढतेस तू. सूं… ठाक! सूं… ठाक! वर झोपलेला असलो तरी मला कळतं, की आता सूं झाला म्हणजे ठाक येणार. ते खटक्याचं खूळ होतं तुमचं, तेव्हाही तेच. सेट! सूं… खाड्! मला पाठ झालं होतं, तर मग…"

बाबा बोलता बोलता थांबले, कारण ताईच्या हातातली हातोडी खाली पडली होती.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली! रस्त्यावरच्या त्या हजारो सुरुवाती… सेट, सूं, खाड्! पोरगा फळ्यांच्या आवाजावर सुटत नव्हताच. तो तिच्या श्वासावर सुटायला शिकला होता! नेहमीच्या मैदानावर स्टार्टर दूर असतो, त्याचा श्वास कुणाला ऐकू येणार? पण त्या दिवशी माईक होता. त्या दिवशी टोळ्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर स्पीकर होता. आणि त्या स्पीकरमधून, जगात फक्त त्यालाच ओळखू येईल असा, बहिणीचा श्वास आला. सूं… आणि पोरगा सुटला! त्याने चोरी केली नव्हती. लहानपणापासून ताईने सांगितलं तेच त्याने केलं होतं. ताईचंच ऐकलं होतं त्याने! आणि तिने काय केलं? साऱ्या मैदानासमोर त्याला चोरटा म्हटलं.

"बाबा!" ती मटकन ढलप्यांच्या ढिगावर बसली. "बाबा, माझं लेकरू निर्दोष होतं हो!"

बाबांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी आपला तीन बोटांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दोघंही बराच वेळ रडली. पण बाबा मुळात कारागीर माणूस. रडून झालं की दुरुस्तीला लागायचं, हा त्यांचा खाक्या. "ऊठ," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. श्वास न घेता ठोक."

मग जे काही झालं ते कुणी बघितलं असतं तर दोघांना वेड्यात काढलं असतं! ताई श्वास रोखून हातोडी उचलायची, डोळे बाहेर यायचे, चेहरा वांग्यासारखा जांभळा व्हायचा, आणि घाव घालायच्या क्षणी नेमका, सूं! दहा वेळा, वीस वेळा. एकविसाव्या वेळी तिने स्वतःचा अंगठाच ठेचून घेतला. शेवटी बाबांनी पुढे होऊन तिचं नाक चिमटीत धरलं. "आता ठोक बघू!" तर श्वास तोंडाने आला. हा… ठाक!

"जमणार नाही," ताई अंगठा तोंडात धरून म्हणाली. "इतक्या वर्षांची सवय आहे, एका दिवसात जाणार नाही. मी आज पिस्तूल धरत नाही, बाबा."

"अगं, पण पंधरा वर्षं तू याच दिवसाची…"

"आजही पाठीमागे स्पीकर असणार. तो सुटेल पुन्हा. बाद होईल. आणि या वेळी सगळं जग बघेल."

"मग त्याला फोन कर, सांग तरी!"

"शर्यतीच्या दिवशी? त्याचं डोकं फिरवू? नंतर सांगेन." आणि तिने डोळे कोरडे केले. या घराची हीच तर गंमत होती. दुसऱ्यासाठी जीव द्यायला सगळे तयार, पण त्याला एका शब्दाने विचारायचं म्हणाल तर कुणाची जीभ रेटायची नाही!

दुपारी चारला ती मैदानावर पोचली, तेव्हा मुख्य स्टार्टर पंचांच्या खोलीत आपल्या मिशा विंचरत होते. भरघोस मिशांमुळे सगळे त्यांना मिशीवाले साहेब म्हणत. ताईने गळ्याला मफलर गुंडाळला होता. ती घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "साहेब, घसा बसला हो… आवाजच फुटत नाही. शंभर मीटर तुम्ही घ्या."

साहेबांनी कंगवा खाली ठेवला. "सकाळी फोनवर तर खणखणीत होतात."

"एकाएकी बसला."

"बाई, तुमचा भाऊ धावतोय म्हणून संकोच वाटत असेल, तर तो काढून टाका. पायाखालच्या ठोकळ्यात यंत्र असतं, कोण आधी सुटला ते तेच सांगतं. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. आणि हा मान पुन्हा मिळत नाही, लक्षात घ्या."

"माहितीय, साहेब," ती कुजबुजली. तिने पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवलं. ठेवलं खरं, पण बोटं काही सुटेनात. शेवटी साहेबांनीच ते हळूच ओढून घेतलं, आणि ती लाल कोटाची बटणं सोडायला लागली.

शर्यतीच्या वेळी ती खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी, खांबाआड उभी होती. गॅलरी गच्च भरलेली. कुठेतरी वर बाबा आणि नर्स बसले होते. आठ जण बाहेर आले, आणि सगळ्यात कडेच्या पट्टीत टोळ्या. तिने चार वर्षांनी त्याला इतक्या जवळून पाहिलं. खांदे भरले होते. मान मात्र तीच, बदकाच्या पिल्लासारखी! तो ठोकळे लावत होता, पण त्याची नजर सारखी स्टार्टरच्या चौथऱ्याकडे जात होती. मध्ये कॅमेऱ्यांची गर्दी होती, त्याला काही दिसत नसावं.

"ऑन युअर मार्क्स…"

साहेबांचा भारदस्त आवाज घुमला आणि टोळ्याने दचकून मान वर केली! बाकीचे सात वाकले. तो क्षणभर तसाच, चौथऱ्याकडे बघत. काय झालं याला? ताईचा जीव टांगणीला लागला. अरे वाक! वाक ना रे सोन्या! तो वाकला.

"सेट…"

बार!

सात जण उसळले. आणि मग, डुलकी लागल्यासारखा उशिरा सुटला तो टोळ्या! सगळ्यांच्या मागे, चांगला एक पाऊल मागे! गॅलरीतून हाय निघाली. ताईने दोन्ही हातांनी खांब आवळला. आणि मग तिच्या त्या टोळ्याने तंगड्या उघडल्या… तीस मीटरला आठवा होता तो, पन्नासला सहावा, सत्तरला पाचवा! ताई घशाचं सोंग विसरून किंचाळत होती, "पळ! पळ रे पळ!" शेवटच्या दहा मीटरला तो चौथा होता आणि तिसऱ्याच्या खांद्याला खांदा लागला होता. दोघांनी एकाच वेळी छाती पुढे टाकली.

सगळं मैदान फलकाकडे बघत राहिलं. निकाल आला. टोळ्या, चौथा. तिसऱ्याहून सेकंदाचा शंभरावा भाग मागे. आणि त्याच्या नावापुढे आणखी एक आकडा होता. बारानंतर सुटायला लागलेला वेळ. आठांत सगळ्यात जास्त!

पहिले तिघं झेंडे अंगावर घेऊन फेरी मारायला गेले. टोळ्या मात्र उलटा पळत सुटला. कॅमेरे ओलांडून, धापा टाकत, थेट मिशीवाल्या साहेबांसमोर. "ताई कुठाय? माझी ताई कुठाय? काय झालं तिला? बाबांना काही झालं का?"

साहेबांनी बोगद्याकडे बोट दाखवलं.

ती खांबाला टेकून रडत होती. तो समोर येऊन उभा राहिला. गुडघ्यांवर हात टेकून आधी श्वास घेतला आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा बहिणीशी बोलला. ओरडलाच! "जिवंत आहेस? धडधाकट आहेस? मग तिथे का नव्हतीस? तुझा आवाज नाही म्हटल्यावर मला वाटलं बाबा गेले! सेट म्हणाले ते, आणि माझ्या डोक्यात दवाखाना!"

"तुझ्यासाठी सोडलं रे मी पिस्तूल!" ताई हुंदके देत म्हणाली. "आज कळलं मला… माझा श्वास, बाराआधीचा… तू माझ्या श्वासावर सुटला होतास! तू चोर नव्हतास रे, मीच तुला सोडलं होतं! पुन्हा तसं होऊ नये म्हणून…"

टोळ्याने कपाळावर हात मारला. "झालं! तुला कळलं होय? आजच कळायचं होतं?"

ताईचं रडणं थांबलं. "म्हणजे? तुला माहीत होतं?"

"त्या चाचणीनंतर तीन महिन्यांनी माहीत झालं. शर्यतीचं चित्रण बघत होतो. माझ्या मागच्या स्पीकरचा आवाज स्वच्छ आलाय त्यात. सूं! ऐकलं आणि बसलो डोकं धरून."

"आणि सांगितलं नाहीस? तीन वर्षं नऊ महिने? चोर म्हणून घेतलंस?"

"सांगून काय झालं असतं?" त्याने मान खाली घातली. आवाज एकदम हळू झाला. "तू त्याच दिवशी पिस्तूल खाली ठेवलं असतंस. बूट ठेवलेस तसंच. आमच्यापायी तू पळणं सोडलंस, ताई. तुझ्याकडे तेवढं एक मैदानच राहिलं होतं. तेही मी काढून घेऊ? आणि घरी आलो असतो तर तोंडातून निघालं असतं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून आलो नाही. आणि दुसरं म्हणजे… मी जे बोललो होतो ना त्या दिवशी… तुला पळता आलं नाही असं… त्यानंतर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने यायचं?"

चार वर्षं ताई अन्याय आपल्यावर झाला असं समजत आली होती, आणि तो झाला होता टोळ्यावर! तिचा मान राहावा म्हणून हा पोरगा सगळ्यांच्या नजरेत लबाड ठरून, गप्प बसून पळत राहिला होता… तिने त्याला असा काही कवटाळला की त्याच्या छातीवरचा नंबर चुरगळला.

"अगं, दम लागलाय मला, सोड!" तो रडता रडता हसायला लागला. "आणि ऐक, तयारीसुद्धा केली होती मी! बायकोला रोज सकाळी सूं करायला लावायचो, मग फळ्या आपटायला. सूं झाला तरी हलायचं नाही, फळ्या वाजल्या की सुटायचं. बिचारीला सर्दी झाली तरी सुटका नव्हती. ताईसमोर ताठ उभा राहीन, सूं करू दे तिला हवा तेवढा! आणि तू आलीच नाहीस!"

सकाळचा तो पिशवीचा पट्टा ताईला आता उमगला. ऐन वेळी बदल नाही ना होणार! "मेल्या, एका शब्दाने विचारायचं तरी!"

"तू विचारलंस?"

तेवढ्यात पत्रकारांनी त्यांना गाठलं. सात-आठ माईक एकदम टोळ्याच्या तोंडाशी आले. अभिनंदन झालं, टाळ्या झाल्या, आणि मग एका जाड चष्मेवाल्याने विचारलं, "सुरुवात चांगली झाली असती तर आज पदक तुमचं होतं. इतका उशीर का झाला?"

टोळ्याने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. "डुलकी लागली," तो हसून म्हणाला.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही बाराआधी सुटून बाद झाला होतात. लबाडीचा आरोप झाला होता. त्याची भीती अजून मनात आहे का?"

"चूक माझीच होती ती," टोळ्या म्हणाला. "उतावळेपणा, दुसरं काय!"

अजूनही! अजूनही हा आपल्यावर पांघरूण घालतोय! ताईने मफलर ओढून काढला आणि ती गर्दीत घुसली. "ए, गप्प बस तू!" ती गरजली आणि सगळे माईक आपोआप तिच्याकडे वळले. "चूक त्याची नव्हती. ती शर्यत मी सुरू केली होती. बाराआधी मी मोठ्याने श्वास घेतला, तो माईकवरून त्याला ऐकू गेला. लहानपणापासून तो त्याच श्वासावर पळायला शिकला होता, म्हणून सुटला. मी त्याला सगळ्यांसमोर चोरटा म्हटलं. आज सगळ्यांसमोर सांगते, तो चोर नाही! माझा भाऊ आजवर कधी, कुठे, एका पावलाचीसुद्धा चोरी करून पळालेला नाही!"

"ताई, काय करतेस हे!" टोळ्या तिचा हात ओढत होता. "नाव जाईल तुझं!"

"घसा सुटला वाटतं," मागून मिशीवाल्या साहेबांचा आवाज आला. ताई चपापली. साहेबांचे डोळे ओले होते, मिशा मात्र शिस्तीत होत्या. "बाई, नुसतं बोलून भागायचं नाही. त्या चाचणीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ठपका आहे. तो काढायचा तर मला लेखी लागेल. आणि समितीपुढे गेलं की तुम्हालाही एखादा मोसम पिस्तूल मिळणार नाही, हे आधीच सांगतो."

"कागद द्या."

"विचार करा."

"साहेब, कागद द्या! चार वर्षं झाली, अजून किती विचार करू?"

साहेबांनी आपल्या वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं, पेनही दिलं. पण लिहायचं कशावर? बोगद्याच्या भिंती ओबडधोबड, जवळ ना टेबल ना खुर्ची. टोळ्याने एक सुस्कारा टाकला, बहिणीकडे पाठ केली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

ताईने त्याच्या पाठीवर कागद पसरला आणि लिहायला लागली.

"हलू नकोस रे!"

"गुदगुल्या होतात! आणि एवढं काय लिहितेस? दोन ओळी पुरेत."

"तारीख घालते आहे अजून. सरळ उभा राहा… म्हणजे, सरळ वाक!"

इतक्यात गर्दीतून वाट काढत बाबा आणि नर्स येऊन पोचले. बाबांना कोण आवरणार! "चौथा! जगात चौथा! थट्टा आहे का!" असं ते पहारेकऱ्यापासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाला थांबवून सांगत होते. पाठ वाकवून उभा असलेला मुलगा आणि त्या पाठीवर लिहीत असलेली मुलगी बघून ते थबकले. पुढे आले. चष्मा नाकावर चढवून त्यांनी कागदावरची ओळ हळूहळू, ओठ हलवत वाचली. *चूक धावपटूची नव्हती. चूक माझी होती.*

त्यांनी नुसताच तीन बोटांचा हात टोळ्याच्या केसांत फिरवला.

"बाबा, तुम्ही रडू नका, नाहीतर मी हलेन," टोळ्या खालूनच म्हणाला. "आणि ताई, रविवारी जेवायला आमच्याकडे यायचं. दोघांनीही. टेबल चार माणसांचं केलं आहेस आणि आम्ही दोघंच बसतो त्याच्यावर."

"गप्प राहा, शाई पसरतेय!"

आणि खरोखरच पसरली. शंभर मीटर पळून आलेल्या माणसाची पाठ ती, घामाने निथळत होती. कागद खालून भिजला आणि 'चूक माझी होती' एवढ्यावरच नेमका निळा डाग पडला. साहेबांनी वहीतलं दुसरं पान फाडून पुढे केलं. नर्सने स्वेटर काढून नवऱ्याची पाठ खसखसून पुसली. ताईने नवा कागद पसरला आणि ती सगळं पहिल्यापासून, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहायला लागली.